थरांची नोंद : ध्रुवसमुद्राच्या तळाखाली आणि साकोलीच्या मातीखाली

(साकोली येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ध्रुवप्रदेशातील समुद्राच्या तळाखालचे खडक हा आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. साकोलीपासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे आणि बर्फ आपण पाहतो तो उन्हाळ्यात सरबताच्या गाडीवर. शिवाय बोलणारा मी भूशास्त्रज्ञ नव्हे, कला शाखेचा पदवीधर. शास्त्रज्ञांनी शोधून काढलेले लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत पोचविणे एवढेच माहिती खात्यातील माणसाचे काम. ते करीत असताना या दूरच्या समुद्राचा आणि आपल्या शिवाराचा एक जवळचा संबंध माझ्या ध्यानात आला. तो आपल्यापुढे मांडावा, आणि त्यातून आपल्या सर्वांच्या हातचे एक लहानसे काम निघते ते सुचवावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रारंभ आपल्या तलावापासून करू. हा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील कसबी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले आणि आज आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो ते तलाव, तसेच शेतोशेतीच्या बोड्या यांवरच येथील धानाची शेती उभी राहिली. उन्हाळ्यात एखाद्या तलावाचा गाळ काढण्याचे काम चालू असले म्हणजे खणलेल्या खड्ड्याच्या उभ्या कडेकडे क्षणभर पाहावे. काळसर, चिकण मातीचा जाड पट्टा दिसतो. मध्येच बोटभर जाडीची रेतीची रेघ दिसते. खाली पुन्हा चिकण माती, आणि तीत कुजलेल्या पाल्याची काळी छटा. मंद वाहून आलेल्या पाण्याने चिकण माती टाकली, एखाद्या वर्षीच्या जोरदार पुराने रेती आणून ओतली, पाणी आटलेल्या वर्षी कडेचे गवत माजले आणि पुढे तेच गाळात गाडले गेले. पाळीवरच्या म्हाताऱ्या माणसाला जे पूर आठवत नाहीत, ते या कडेला आठवतात.

खालचा थर आधीचा आणि वरचा थर नंतरचा, हा साधा नियम निकोलस स्टेनो या डॅनिश विद्वानाने १६६९ साली प्रथम नीट शब्दांत मांडला. गाळाच्या खडकांचे सारे शास्त्र या एका नियमावर उभे आहे. ज्याला तलावाची कड वाचता आली, त्याला समुद्राचा तळ वाचण्याची मुळाक्षरे आली असे म्हणावयास हरकत नाही.

आता तलावाच्या गाळाखाली जाऊ. भूशास्त्राच्या जगभरच्या ग्रंथांत आपल्या गावाचे नाव आहे, हे किती जणांस ठाऊक आहे? येथील खडकांना भूशास्त्रज्ञ ‘साकोली समूह’ या नावाने ओळखतात. हे खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुने आहेत. मुळात ते पाण्यात साचलेली चिकण माती आणि रेती होते, आणि त्यांच्या जोडीला ज्वालामुखीतून आलेला रस होता. पुढे भूकवचाच्या हालचालींत ते दाबले गेले, तापले, कापडाच्या घडीसारखे दुमडले गेले. चिकण मातीचा फायलाइट आणि शिस्ट झाला, रेतीचा क्वार्टझाइट झाला. या परिसरात पोहरा, दहेगाव यांसारख्या ठिकाणी सापडणारी कायनाइट व सिलिमनाइट ही खनिजे अशा दाबाखाली आणि उष्णतेतच तयार होतात. तात्पर्य, आपले घर एका अतिप्राचीन गाळावर उभे आहे. परंतु हा ग्रंथ इतका जळलेला आणि चुरगळलेला आहे की त्याची पाने सहजासहजी उलगडत नाहीत.

ज्याची पाने स्वच्छ उलगडतात असा दुसरा ग्रंथ फार दूर नाही. साकोलीपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर, चंद्रपूरजवळ इरई येथे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील फ्रान्सिस फेडन यांनी एक चमत्कारिक दृश्य पाहिले आणि १८७५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे जुन्या चुनखडकाची फरशी घासून गुळगुळीत झालेली होती आणि तिच्यावर ओरखडे व खाचा उमटलेल्या होत्या. फरशीवर बारीक मातीत लहानमोठे गोटे विखुरलेले होते. नदीचे पाणी गोटे, रेती आणि माती यांची निवड करते, जड ते आधी टाकते आणि हलके पुढे नेते. येथे अशी निवडच झालेली नव्हती. असा सरमिसळ माल सरकता बर्फ आणून टाकतो, आणि खडकाच्या फरशीवर एका दिशेने ओरखडे काढतो तोही हिमनदीच्या बुडाशी अडकलेला गोटाच. याच प्रकारचे थर ओरिसातील तालचेर येथे पाहून ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ सालीच बर्फाची कल्पना मांडली होती. त्या गावावरून या थरांना ‘तालचीर’ हे नाव पडले. आज ज्या चंद्रपूरचा उन्हाळा साऱ्या देशात गाजतो, त्या चंद्रपूरच्या भूमीवर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या सरकत होत्या, असा याचा अर्थ.

हे कसे घडले? त्या काळी भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे सारे एकाच विशाल भूखंडाचे भाग होते आणि आपला प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या परिसरात होता. या भूखंडाला जगाने दिलेले नाव आपल्याच परिसरातले आहे. गोंडांच्या देशावरून येथील थरांना ‘गोंडवन’ हे नाव मिळाले, आणि एदुआर्द झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने १८८५ साली साऱ्या दक्षिण भूखंडासाठी ‘गोंडवनभूमी’ हा शब्द वापरला.

बर्फ वितळू लागल्यावर त्या थंड प्रदेशात समुद्रही आत शिरला. मध्य प्रदेशातील उमरिया येथे १९२१ साली आणि पुढे आजच्या छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे, हिमयुगाच्या थरांलगतच समुद्री शिंपल्यांचे अवशेष मिळाले. म्हणजे ध्रुवप्रदेशातील उथळ समुद्राच्या तळाचे खडक पाहावयाचे तर बोटीतच बसले पाहिजे असे नाही, मनेंद्रगडला जाऊन हसदेव नदीच्या काठी उभे राहिले तरी पुरे. त्यानंतर हवा उबदार झाली, दलदलीत जंगले वाढली व गाडली गेली, आणि त्यांचाच चंद्रपूर, बल्लारपूर, वणी व उमरेड येथील कोळसा झाला. या जंगलांतील प्रमुख वनस्पतीचे नाव ग्लॉसॉप्टेरिस. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्याच्या मागील शतकाच्या मध्यास कामठी परिसरातील दगडांतून तिची पाने गोळा केली होती. नागपूरच्या ज्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, तेथे आपल्यापैकी काही जण शिकलेही असतील.

आता या पानाचा धागा धरून दक्षिण ध्रुवाकडे वळू. फेब्रुवारी १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतत होते. अन्न अपुरे, अंगात त्राण नाही, अशा स्थितीत त्यांनी बिअर्डमोर हिमनदीच्या काठी थांबून सुमारे सोळा किलो दगड गोळा केले आणि ते ओझे शेवटपर्यंत घसरगाडीवरून ओढीत नेले. त्यांत व्यवसायाने भूशास्त्रज्ञ एकही नव्हता. मार्चअखेर त्यांचा अंत झाला. नोव्हेंबरात शोधपथकाला त्यांचे तंबूत निजलेले देह सापडले, आणि ते दगडही सापडले. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिसचे पान होते. कामठीच्या दगडातले पान ध्रुवाजवळच्या दगडात मिळाले. दोन्ही भूमी एकेकाळी एक होत्या, या विचाराला त्या सोळा किलो ओझ्याने मोठे बळ दिले.

भारत आणि अंटार्क्टिका यांची फारकत सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी झाली. आपल्या महानदीच्या खोऱ्याचा तुटलेला दुसरा भाग म्हणजे अंटार्क्टिकातील लॅम्बर्ट हिमनदीची दरी, असे भूशास्त्रज्ञ मानतात. तेथेही कोळशाचे थर आहेत आणि तीच हिमनदी पुढे प्रिड्झ उपसागरात उतरते. याच उपसागराच्या काठी, लार्समन टेकड्यांवर, भारताने २०१२ साली ‘भारती’ हे संशोधन केंद्र सुरू केले. तत्पूर्वी १९८१-८२ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली मोहीम गेली होती, आणि पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ व ‘मैत्री’ ही केंद्रे उभी राहिली. ‘भारती’ची जागा निवडताना आपल्या पूर्व किनाऱ्याशी असलेले हे जुने नाते शास्त्रज्ञांच्या मनात होतेच.

किनाऱ्यापासून समुद्रात काही अंतरापर्यंत भूखंडाचाच पाण्याखाली गेलेला सपाट भाग असतो. त्याला भूखंडमंच किंवा समुद्रबूड जमीन म्हणतात. जगात अन्यत्र या मंचाच्या बाहेरच्या कडेची खोली सर्वसाधारणपणे सव्वाशे ते दीडशे मीटर असते. अंटार्क्टिकाभोवती मात्र मंचाची सरासरी खोली पाचशे मीटरांच्या आसपास आहे, आणि त्याचा उतार समुद्राकडे नसून उलट किनाऱ्याकडे आहे. याची कारणे दोन. वाढलेल्या हिमस्तराने वेळोवेळी पुढे सरकून किनाऱ्यालगतचा तळ खरवडून काढला, आणि भूखंडावरील बर्फाच्या प्रचंड ओझ्याने खालची जमीनच दबली. खरवडलेला माल बर्फाने मंचाच्या बाहेरच्या कडेशी नेऊन ओतला. त्याचे थरावर थर चढले.

हे थर वाचण्याच्या रीती दोन आहेत. एक म्हणजे जहाजातून ध्वनिलहरी सोडून थराथरांवरून परत येणारा प्रतिध्वनी टिपणे. दुसरी, आणि खात्रीची, म्हणजे तळात छिद्र घेऊन दगडाचा सलग उभा दांडा बाहेर काढणे. या दांड्याला शिलागाभा म्हणतात. १९७३ च्या आरंभी ‘ग्लोमर चॅलेंजर’ या जहाजाने रॉस समुद्राच्या मंचावर अशी छिद्रे घेतली. तेव्हा अंटार्क्टिकातील बर्फ भूशास्त्राच्या हिशेबाने अलीकडचा असावा अशी समजूत होती. शिलागाभ्यात अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतही हिमनदीने आणलेले गोटे सापडले आणि ती समजूत मोडली. पुढे १९८८ च्या सुमारास ‘जॉइडस रिझोल्यूशन’ या जहाजाने प्रिड्झ उपसागरात छिद्रे घेतली. तेथे वर हिमनदीचा माल मिळाला, तर खाली बर्फाच्या आधीच्या काळातील, वनस्पतींचे अवशेष असलेले गाळथर मिळाले. हिमस्तराचा मोठा विस्तार सुमारे तीन कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी झाला, हे अशाच पुराव्यांवरून निश्चित होत गेले.

सर्वांत बोलका शिलागाभा मिळाला तो २००६-०७ च्या हंगामात. रॉस समुद्रावर तरंगणाऱ्या सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी मीटर जाडीच्या बर्फातून, खालच्या आठशेहून अधिक मीटर पाण्यातून, तळात जवळजवळ बाराशे पंच्याऐंशी मीटर खोल छिद्र घेण्यात आले. हाती आलेल्या दांड्यात दोन प्रकारचे थर आलटून पालटून होते. एक, हिमनदीची गोटेमाती, अगदी आपल्या इरईसारखी. दुसरा, डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवलांच्या कवचांचा फिकट गाळ. डायाटमला सूर्यप्रकाश लागतो, म्हणून तो गाळ साचला तेव्हा तेथे बर्फाचे छत नव्हते, खुले पाणी होते. सुमारे तीस ते पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या काळात असे पुन्हा पुन्हा घडले. त्या काळी हवेतील कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण दहा लाख भागांत चारशे भागांपर्यंत असावे असा अंदाज आहे. आज ते चारशे वीस भागांच्या वर गेले आहे. पश्चिम अंटार्क्टिकातील हिमस्तर पुन्हा ढासळला तर जगातील समुद्राची पातळी तीन मीटरांहून अधिक चढू शकते. तसे होण्यास शतके लागतील. परंतु मुंबई आणि कोकणपट्टी ज्या राज्यात आहे, त्या राज्याने हा हिशेब आजच समजून घेतला पाहिजे, आणि तो समजतो आहे तो केवळ तळाखालच्या थरांवरून.

मित्रहो, या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. १९७३ साली काढलेले शिलागाभे आजही अमेरिकेत शीतगृहात जपून ठेवलेले आहेत. कोणत्या छिद्रातील, किती खोलीवरचा तुकडा, हे प्रत्येकावर लिहिलेले आहे. ज्या तरुण शास्त्रज्ञांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, ते आज त्यांतून नवे निष्कर्ष काढीत आहेत. छिद्र घेतले यात मोठेपण आहेच, पण ते लिहून ठेवले यात अधिक आहे.

आता आपल्याकडे वळून पाहू. आपल्या तालुक्यात दर उन्हाळ्यात विंधण विहिरी घेतल्या जातात. विंधण विहीर म्हणजे दुसरे काय? ते शास्त्रज्ञांचे छिद्रच होय, भले दांडा न निघता चुरा निघो. काही वर्षांपूर्वी एका गावी पाण्याच्या टंचाईच्या कामानिमित्त मी गेलो होतो. गावात आधी दोन विंधण विहिरी कोरड्या गेल्या होत्या आणि तिसरीसाठी जागा पाहावयाची होती. सोबतच्या भूवैज्ञानिकांनी विचारले, “आधीच्या दोहोंत किती फुटांपर्यंत माती लागली? कठीण दगड कोठे सुरू झाला? ओल कोठे लागली?” कोणालाही सांगता येईना. यंत्र आले, रात्रभर चालले, पहाटे निघून गेले. बिलाची प्रत दप्तरात होती, खोलीची एकूण फुटे तीत होती, थरांविषयी अक्षर नव्हते. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “साहेब, पांढरा भुरका लई उडाला, एवढं आठवते.” दोन विहिरींवर गावाचा पैसा खर्च झाला, आणि त्यातून मिळालेले ज्ञान त्या भुरक्याबरोबर वाऱ्यावर गेले. त्या वेळी मीही वहीत काही लिहून घेतले नव्हते, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

आपला खडक कठीण आहे. त्यात पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या, मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत. कुजलेला थर कोठे दहा फूट, तर कोठे साठ फूट. हे अंतर वाड्यावाड्यांत बदलते. म्हणून प्रत्येक विंधण विहिरीची नोंद ही पुढच्या विहिरीची वाटाडी असते. ती नोंद कशी करावी? यासाठी विद्वत्ता लागत नाही. यंत्र चालू असताना दर दहा फुटांवर निघालेल्या चुऱ्याची एक मूठ घ्यावी, लहान पिशवीत भरून वर खोली लिहावी. वहीत जागा, तारीख, चुऱ्याचा रंग, तो मऊ की खरखरीत, केसिंग पाइप किती फुटांपर्यंत गेला, पाणी प्रथम कोठे लागले, पुढे कोठे वाढले, एवढे लिहावे. ग्रामपंचायतीने त्यासाठी एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी, पिशव्या शाळेत ठेवाव्यात, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अधिकारी गावात आले म्हणजे ती वही त्यांच्यापुढे ठेवावी. कोरड्या गेलेल्या विहिरीची नोंद तर आवर्जून करावी, कारण अपयशाचीच नोंद ठेवण्याचा आपणांस कंटाळा असतो.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक विनंती. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार यासारख्या योजनेत तलावाचा गाळ निघतो, तेव्हा एक दिवस मुलांना तेथे न्यावे. फूटपट्टी लावून थर मोजू द्यावेत, चित्र काढू द्यावे. गाळ शेतात जाणार आहे आणि तो जावाच, पण जाण्यापूर्वी तो एकदा वाचला जावा. त्या मुलांपैकी एखादे उद्या ‘भारती’वर जाईल किंवा जाणार नाही, परंतु आपल्या गावची जमीन कशी घडली हे सांगणारा एक नागरिक तरी गावात राहील.

शेवटी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. अंटार्क्टिका करार १९५९ साली झाला आणि भारत त्यात १९८३ साली सामील झाला. १९९१ च्या माद्रिद संधिपत्राने त्या भूखंडावर शास्त्रीय संशोधनाखेरीज खनिजांसाठी हात घालण्यास मनाई केली, आणि आपल्या संसदेने २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. जेथे माणसाची कायमची वस्ती नाही तेथील दगडासाठी राष्ट्रे एकत्र बसून कागद करतात. आपल्या टेकड्यांचा दगड गिट्टीसाठी जातो, रस्ते व्हावयाचे तर तो जाणारच. पण गावाच्या हद्दीत थरांचा, ओरखड्यांचा, पानांच्या ठशांचा एखादा वेगळा दगड असेल, तर खाणीचा विषय सभेपुढे येईल त्या दिवशी त्याची माहिती असणारा एक तरी सदस्य सभेत असावा.

पुढच्या उन्हाळ्यात आपल्या गावी विंधण विहिरीचे यंत्र येईल तेव्हा कोणीतरी वही आणि पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ उभे असावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.